चौदावा बोल्ट

महिपती फुलोरे सहसा कशालाच चांगलं म्हणत नसे. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याने फिटर म्हणून सव्वीस वर्षं काढली. त्या सव्वीस वर्षांत दुसऱ्याच्या कामाबद्दल त्याच्या तोंडून ‘बरं हाय’ याच्यापुढे शब्द गेल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. वाईट मात्र तो मोकळ्या मनाने म्हणे. नवं आलेलं यंत्र, ते विकत घेणारा साहेब, ते बसवायला आलेला इंजिनिअर आणि त्या इंजिनिअरला पास करणारं कॉलेज, असा त्याच्या तुच्छतेचा प्रवास एका दमात पुरा होत असे.

१९८९ साली कारखाना बंद पडला. बाकीचे कामगार काही महिने फाटकापाशी बसले. महिपतीने बंद फाटकाकडे एकदा पाहून घेतलं, मोडीत निघालेला एक जुना लेथ मिळवला आणि पालेगावात घराशेजारी पत्र्याची शेड घालून त्यात तो बसवला. गावात तेव्हा भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहू लागल्या होत्या. कालपर्यंत जिथे म्हशी डुंबत तिथे ‘गार्डन’ आणि ‘पॅलेस’ अशा नावांच्या पाट्या लागत होत्या. त्या पॅलेसांच्या फाटकांच्या बिजागऱ्या महिपती करून देई. बिजागरी उत्तम असे. ती घेऊन जाणाऱ्याला मात्र, तुझ्या भिंती हिच्या आधी पडतील, हे ऐकूनच जावं लागे.

एवढं असूनही त्याच्या मनात एकच सल होता आणि तो एका कागदाचा होता.

१९७४ साली कारखान्यात पत्रा दाबायची एक परदेशी प्रेस आली. ती बसवताना एक बोल्ट दोन फेरे जाऊन अडला. महिपती म्हणाला, “आटे वेगळे हायेत, साहेब. जबरदस्ती नको.” साहेब म्हणजे श्यामकांत कर्णिक, त्या वेळचे असिस्टंट इंजिनिअर. त्यांनी स्वतः बोल्टच्या डोक्यावर पाना लावून पाहिला. तो नेमका बसला. “पाना बसतोय ना? मग बोल्टही हाच. पाइप लाव पान्याला आणि आवळ.” महिपतीने आवळला. ओतीव लोखंडाला टिचकी वाजावी तसा आवाज झाला आणि प्रेसच्या सांगाड्याला तडा गेला. रिपोर्टात कर्णिकांनी लिहिलं, ‘फिटरच्या निष्काळजीपणामुळे.’ त्या वर्षी महिपती चार्जमन व्हायचा होता, तो झाला नाही. आणि पुढे जेव्हा जेव्हा त्याचं नाव निघालं तेव्हा तेव्हा फाइलीतून तोच कागद वर आला. हुकूम ऐकला ही त्याची खरी चूक होती, आणि रिपोर्टात नेमकी तीच नव्हती.

१९९३ च्या हिवाळ्यात त्याच कर्णिकांचा निरोप आला.

कर्णिक आता निवृत्त झाले होते. अंबरनाथ पूर्वेला त्यांचा टुमदार बंगला होता आणि बंगल्याच्या गॅरेजमध्ये १९३९ सालची मॉरिस टेन उभी होती. त्यांचे वडील बदलापूरला डॉक्टर. त्यांची ही गाडी. वडील होते तोवर कर्णिकांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या हाती इंग्रजी मासिकं पडली, जुन्या गाड्यांच्या क्लबाचं सभासदत्व मिळालं आणि ‘ओरिजिनल’ हा शब्द त्यांच्या तोंडी असा बसला की, भाजीला कोथिंबीर आणली तरी ती ओरिजिनल आहे का, असं ते विचारतील अशी त्यांच्या पत्नीला, मालिनीबाईंना, धास्ती वाटू लागली. क्लबाच्या जानेवारीतल्या रॅलीत गाडी ‘अस्सल’ वर्गात उतरवायची होती. त्या वर्गात एकही बदली भाग चालत नसे.

अडचण चौदा बोल्टांची होती. इंजिनाचं पुढचं झाकण, बाजूचं झाकण आणि पाण्याचा पंप, या सगळ्यांचे मिळून चौदा. सगळे एका जातीचे. ज्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं त्याने जुने बोल्ट डब्यात टाकले आणि डबा भंगारात घातला. कर्णिकांनी मग मुंबईच्या एका दुकानदाराकडून चौदा बोल्ट मिळवले होते. तेलकट कागदात गुंडाळलेले, युद्धापूर्वीचे, न वापरलेले.

“इंग्लंडमध्ये बनलेले आहेत,” कर्णिक म्हणाले. “हात लावून बघ, महिपती. पोलाद काय असतं ते कळेल.”

पोलाद काय असतं हे ज्याच्याकडून कर्णिक नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले होते, त्या महिपतीने एक बोल्ट उचलला आणि पंपाच्या भोकात बोटांनी फिरवला. दोन फेरे गेला आणि अडला. त्याने तो काढून टेबलावर ठेवला.

“बसत नाय.”

“बसत नाही कसा? पाना लावून पाहिलाय मी. चपखल बसतो.”

महिपतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. एकोणीस वर्षं गेली होती, केस पिकले होते, बंगला झाला होता, आणि माणूस जागचा तसूभर हलला नव्हता.

“पाना डोक्याला बसतो, साहेब. बोल्ट भोकात बसावा लागतो.”

पंपाच्या एका भोकात जुन्या बोल्टाचा तुकडा मोडून राहिला होता. महिपतीने अर्धा तास खपून, केरोसीन सोडत, तो उलटा फिरवत बाहेर काढला. खिशातून आटे मोजायचं गेज काढलं आणि त्याची एकेक पाती तुकड्यावर टेकवून पाहिली. एक पाती दाताला दात लागून बसली.

“आठ मिलिमीटरचा बोल्ट, एक मिलिमीटरचे आटे. तुमचे इंचाचे हायेत.”

कर्णिक हसले. मोठ्या माणसांनी लहानांना हसावं तसं, दयाळूपणे. “अरे, मॉरिस आहे ही! एकोणचाळीस सालची इंग्रजी गाडी! मिलिमीटर कुठून येणार तिच्यात? तुझं गेज झिजलं असेल.”

“मग आवळा,” महिपती म्हणाला. “पाइप हाय तिथं कोपऱ्यात.”

गॅरेजच्या दारात मालिनीबाई चहा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आवळू नका हं. मागे एकदा आवळलं होतं ना तुम्ही काहीतरी? घरी येऊन दोन दिवस जेवला नव्हतात.”

कर्णिकांचं हसू मावळलं. बायको नको तेव्हा नको ते लक्षात ठेवते, अशा नजरेने त्यांनी चहाचा कप उचलला. महिपतीला मात्र त्या दिवशी प्रथमच कळलं की, हे दुसऱ्या कुणालातरी ठाऊक होतं.

“इंजिनाचा दुसरा ब्लॉक कुठं मिळायचा नाय,” तो म्हणाला. “एक भोक गेलं की इंजिन गेलं. बोल्ट मी आणतो. खरे आणतो. पन मला एक कागद लागंल.”

“कसला?”

“चौऱ्याहत्तरचा. आवळ म्हणून तुम्ही सांगितलंत, म्हणून मी आवळला. एवढंच लिवायचं. खाली सही.”

“अरे, कारखाना बंद पडून चार वर्षं झाली! दाखवणार कुणाला तो कागद?”

“ते माझं मी बघीन.”

“बरं, बरं. तू बोल्ट तर आण.” हे ‘बरं, बरं’ महिपतीने सव्वीस वर्षं ऐकलं होतं.

त्याने सायकल उल्हासनगरला काढली. उल्हासनगरच्या मालाबद्दल त्याचं मत सांगण्यासारखं नव्हतं, आणि तो ते प्रत्येक दुकानात सांगत असे. खिशातला तुकडा दाखवत तो दहा दुकानं फिरला. दहाही दुकानदारांनी तुकड्याकडे पाहायच्या आधी विचारलं, “पाना कोणता लागतो?” महिपती उत्तर न देता पायरी उतरे.

अकरावा लधाराम. पाच नंबरच्या कॅम्पात त्याचं भंगाराचं आवार होतं. कडुनिंबाखाली लोखंडी काटा आणि काट्याशेजारी बनियनमध्ये बसलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला लधाराम.

“साईं, ओरिजनल पाहिजे का ओरिजनलसारखा?”

“फरक करतोस तू?” महिपती म्हणाला.

“माल दोन्ही ठेवतो. पण एकाला दुसऱ्याचं नाव देत नाही. नाव देणारे पुढच्या गल्लीत बसतात, तिथे जा.”

“तुझ्या इथं ओरिजनल असं हाय तरी काय?”

“एक मी आहे,” लधाराम म्हणाला. “बाकी शोधावं लागेल.”

महिपती आवारात शोधू लागला. त्याची नजर खाली गेली. काटा ज्या काळ्या ठोकळ्यावर ठेवला होता तो दगड नव्हता. ते इंजिन होतं. तो गुडघ्यांवर बसला, धोतराच्या सोग्याने त्यावरची माती पुसू लागला, आणि पुसता पुसता कर्णिकांच्या मॉरिसमधल्या पंपाची ओळखीची बाजू वर आली.

“हे कुठलं?”

“बाबांनी उचललं होतं. हा सगळा मिलिटरीचा कॅम्प ना? लढाई संपली, मिलिटरी गेली, सिंधमधून आम्ही आलो. मागे राहिलेलं सामान लॉटमध्ये निघालं. छोटी गाडी होती, मागे ताडपत्रीवाली. पत्रा विकला गेला, चाकं टांग्याला गेली. हे जड होतं म्हणून राहिलं. बाबा यावर काटा ठेवायचे, मी पण ठेवतो.”

“बोल्ट काढू दे ह्याचे. चौदा.”

“काढ. निघाले तर. पंचेचाळीस वर्षांचा गंज आहे, साईं. मोडला तर मला नाव ठेवू नको.”

महिपती आठ दिवस रोज सकाळी आला. डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून तो बोल्टांच्या मुळाशी सोडी आणि हलक्या हातोडीने डोक्यावर टकटक करत राही. मग पाना लावून आधी आवळायच्या बाजूला केसभर, मग सोडायच्या बाजूला केसभर. घाई केली की बोल्ट मोडणार, आणि मोडला तर पंधरावा मिळणार नाही. पहिला बोल्ट तिसऱ्या दिवशी निघाला. पुसून त्यावर गेज टेकवलं, तर दाताला दात बसला.

“बरं हाय,” महिपती म्हणाला.

आपल्याला काय मिळालं याची लधारामला कल्पना नव्हती. तो म्हणाला, “बरं काय? एकदम कडक आहे!”

आठव्या दिवशी चौदावा निघाला. एकही मोडला नाही.

तोवर कर्णिकांना एका इंग्रजी पुस्तकात खुलासा सापडला होता. या इंजिनांच्या कारखान्याची यंत्रं मुळात एका फ्रेंच कंपनीची; त्यामुळे आटे फ्रेंच मापाचे पडत. मात्र इंग्रज मेकॅनिकांचे पाने इंग्रजी, म्हणून बोल्टांची डोकी त्यांच्या मापाची ठेवलेली. “मला शंका होतीच,” कर्णिक म्हणाले. महिपतीने त्यांच्यासमोर एकेक बोल्ट नुसत्या बोटांनी मुळापर्यंत फिरवला. तेरा झाले तेव्हा तो थांबला.

“चौदावा?”

“कागद?”

कर्णिक हसत घरात गेले आणि लिफाफा घेऊन आले. आत टाइप केलेला इंग्रजी कागद होता, खाली झोकदार सही. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ते आत वळले. महिपतीला ड्रॉइंगवरचं इंग्रजी समजे. हे इंग्रजी निराळं होतं. त्याने कागद मालिनीबाईंपुढे धरला.

त्यांनी वाचला आणि चष्मा काढला. “लिहिलंय की, श्री. महिपती फुलोरे हे प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक कामगार असून...”

“आज्ञाधारक.”

“...असून त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.” बाईंनी कागद परत केला. “तुम्ही मागितलं होतं ते यात नाही, महिपती.”

महिपती एकसष्ट वर्षांचा होता. आपली पुढील वाटचाल कुठवर आहे हे त्याला साधारण माहीत होतं. त्याने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, “साहेबांना सांगा, चौदावा आणून बसवतो.”

चौदावा त्याच्या खिशातच होता. तो घरी गेला आणि जुन्या शाफ्टचा एक तुकडा लेथला लावला. नक्कल करणाऱ्यांना त्याने जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आता स्वतःला घालत त्याने गिअर बदलून मिलिमीटरचे आटे पाडले. डोकं इंग्रजी मापाचं केलं, कडा जुन्यासारख्या मारल्या, लाल तापवून तेलात काळा केला. दोन बोल्ट शेजारी ठेवले तेव्हा त्याच्या बायकोला, इंदुबाईला, फरक सांगता आला नाही. त्याला सांगता येत होता: आपण केलेला अधिक चांगला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो पंपावर बसवला. “झाले चौदा!” म्हणून कर्णिकांनी टाळी वाजवली.

रविवारी क्लबाचे परीक्षक मुंबईहून आले. गाडी ‘अस्सल’ वर्गात घ्यायची की नाही, हे ते ठरवणार होते. उंच, म्हातारे गृहस्थ. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा. तासभर ते इंजिनात डोकं घालून होते. कर्णिक शेजारी उभे राहून फ्रेंच आट्यांचा शोध आपल्याला कसा लागला ते सांगत होते. महिपती भिंतीशी उभा होता. ‘आमचा जुना माणूस’ म्हणून त्याला बोलावलं होतं.

परीक्षकांचा टॉर्च पंपापाशी थांबला. “वा! कर्णिक, हा पाहा. बाकीचेही चांगलेच आहेत, पण ह्याच्या कडा बघा. ही कारागिरी आता होणं नाही. तिकडचे ते कामगार गेले, ते हात गेले.”

उभ्या आयुष्यात न मिळालेली शाबासकी समुद्रापलीकडच्या कुणा मेलेल्या माणसाकडे चाललेली महिपतीने पाहिली. आपणच केलेल्या डावात आपणच लुटले गेलो, हे त्याला लख्ख कळलं.

“गेले नाय,” तो म्हणाला. “पालेगावला राहतात.”

“काय म्हणतायत हे?” परीक्षकांनी विचारलं.

“काही नाही, काही नाही. चहा घेऊ या?” कर्णिकांनी त्यांना व्हरांड्यात नेऊन बसवलं, मालिनीबाईंच्या हवाली केलं आणि ते तरातरा परत आले. “काय बडबडतोस तू?”

“तो बोल्ट मी केलाय. शेडमध्ये. लेथवर.”

महिपती थट्टा करत नाही हे कर्णिकांना ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. “खरा कुठे आहे?”

महिपतीने खिशातून चिंधी काढून उलगडली.

“दे इकडे. आत्ता बदल.”

“कागद.”

“दिला ना तुला?”

“तो ह्या माझ्या बोल्टासारखाच हाय, साहेब. दिसायला झकास.” महिपतीने व्हरांड्याकडे पाहिलं. “त्यांना जाऊन सांगू का?”

“सांग! नकली कुणी बसवला विचारतील ते. बदनामी तुझी होईल.”

“व्हय. मी बसवला. ही माझी चूक. लिवून देतो, खाली सही करतो.” त्याचा आवाज चढला नाही. “मला जमतं ते.”

कारखान्यात, क्लबात, कुठेच कर्णिकांना असा माणूस भेटला नव्हता की ज्याला स्वतःच्या चुकीवर सही करण्याची भीती नव्हती. ते व्हरांड्याकडे पाहत राहिले. तिकडून मालिनीबाई आल्या. एका हातात रिकामा ट्रे होता, दुसऱ्या हातात वही आणि पेन.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “मराठीत लिहा. ज्यांचा कागद आहे त्यांना वाचता आला पाहिजे. पाहुण्यांची बिस्किटं संपेपर्यंत वेळ आहे.”

कर्णिकांनी मडगार्डवर वही टेकवून लिहिलं. रिपोर्ट लिहिताना लागला असेल त्याहून हा वेळ बराच जास्त होता. महिपतीने कागद हातात घेऊन एकेक शब्द तपासला.

“तारीख नाय.”

त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली.

“ही आजची. तडा गेला त्या दिवसाची पन पाहिजे.”

“ती कशी आठवणार मला?”

“चोवीस सप्टेंबर,” महिपती म्हणाला.

तीही आली. मग त्याने पाना उचलला, आपला बोल्ट काढला, खरा बसवला. तीन मिनिटंही लागली नाहीत. परीक्षक रुमालाने मिशा पुसत शेवटचं पाहून घ्यायला आले आणि टॉर्च पंपावर रोखून थबकले. “मघाचा तो देखणा बोल्ट कुठला हो?”

“हाच,” कर्णिक म्हणाले.

“हा?” त्यांनी आरसा खाली धरला, वर धरला. “हं. उजेडाचा फरक असेल.” आणि त्यांनी अर्जावर ‘अस्सल’ असा शिक्का मारला.

महिपती सायकलवरून घरी आला. इंदुबाई अंगणात तांदूळ निवडत होती. त्याने तिला कागद वाचून दाखवला. तिने सूप खाली न ठेवता ऐकला.

“एवढंच? एवढ्यासाठी एकोणीस वर्षं तोंड वाकडं करून बसलात? आणि आता कोण करतंय तुम्हाला चार्जमन? कारखान्याच्या फाटकाला तर वेल चढलेत.”

“कोण नाय करत.”

“मग? बरा तरी लिवलाय का?”

“अक्षर भिकार हाय,” महिपती म्हणाला, आणि पायरीवर बसून कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला.